मार्फत नावाचा रकाना

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या खोलीच्या खाली बर्फाचा कारखाना आहे. बर्फ कशाला लागतो हे त्याच्या मालकाला कधी कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. हंगामात टेम्पो रांगेने उभे राहतात, लाद्या घसरत येतात, फुटतात, भरून जातात. वरच्या मजल्यावर मी इतकी वर्षं काय करत होतो, हे मात्र लाद्या ओढणाऱ्यांपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सर्वांना सांगून झालं आणि कोणाचंही समाधान झालं नाही. आता ते काम मी सोडलं आहे. तेव्हा शेवटचा प्रयत्न करतो.

सेवाभावी संस्थेकडे पैसा कमी आणि माणसं फार असतात. देणगी देणारे, देतो म्हणून न देणारे, कार्यकर्ते, ज्यांच्यासाठी काम चालतं ते लोक, डॉक्टर, ग्रामसेवक, आणि कार्यक्रमाला बोलावलं नाही तर रुसणारे. यांतला कोण कुठे राहतो, त्याच्याशी शेवटचं कोण बोललं, काय ठरलं, हे सगळं सहसा एका जुन्या कार्यकर्त्याच्या डोक्यात असतं. तो दमला, भांडला किंवा मुलाकडे परदेशी गेला की संस्थेला काही आठवेनासं होतं. ही आठवण संगणकात ठेवण्याची सोय म्हणजे माझं सॉफ्टवेअर. त्याचं नाव ‘शेजार’.

ते मी फुकट देत असे. शिवाय आतून कसं बांधलंय तेही उघडं ठेवत असे. कोणीही घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं. याला मुक्त स्रोत म्हणतात. आपल्याकडची पाखाडी डोळ्यांपुढे आणा. जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, वाडीतल्या सगळ्यांनी मिळून घातलेली. चढणाऱ्याला कोणी अडवत नाही, नाव विचारत नाही. फक्त एखादा चिरा हलला की पहिला ठेचकाळणारा माणूस चिरा बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मी तो बसवणारा. ठेचकाळणारे जगभर पसरलेले होते. भटक्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या एका परदेशी संस्थेच्या बाईंनी मला लिहिलं होतं की, मी स्वतः कुत्रा पाळला असता तर असला निष्काळजी कोड लिहिला नसता. या दोन गोष्टींचा संबंध मी अजून शोधतो आहे.

“फुकट देता?” बँकेचे मॅनेजर म्हणाले होते. “मग चालतं कशावर?”

“बसवून देतो, शिकवतो, त्याचे पैसे घेतो.”

“म्हणजे फुकट नाही.”

“सॉफ्टवेअर फुकटच आहे.”

त्यांनी माझा अर्ज दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला आणि चहा मागवला. कर्ज नाही म्हणायची ती सभ्य पद्धत.

एका वृद्धाश्रमाचे अध्यक्ष स्वतः जिना चढून आले होते. सोबत दोन विश्वस्त, त्यांतल्या एकाच्या हातात अध्यक्षांची छत्री.

“यादीत मी सगळ्यांत खाली कसा?”

“तुमचं आडनाव ‘ह’वरून सुरू होतं, साहेब.”

“आणि सगळ्यांत वर कोण आहे?”

“आंब्रे.”

“तो आमचा शिपाई आहे!”

“वर्णमालाच तशी आहे.”

“मग ती बदला,” अध्यक्ष म्हणाले.

मी वर्णमाला बदलली नाही, पण ‘मानाचा क्रम’ नावाचा एक रकाना वाढवला. पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून कोर्टापर्यंत गेलेली घराणी ज्या मुलखात आहेत तिथे ही गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती. पुढे एका दूरदेशीच्या चर्चने आभाराचं पत्र पाठवलं. त्यांच्याही यादीत बिशप तळाला जात होते.

पण ज्या रकान्याबद्दल लिहायला बसलो तो हा नव्हे.

खालच्या कारखान्यात संदेश नावाचा ऑपरेटर आहे. त्याच्या मुलीला, तन्वीला, थॅलेसेमिया. या आजारात अंगात पुरेसं रक्त तयारच होत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरचं चढवावं लागतं, आणि ते कायमचं. तन्वीचा गट बी पॉझिटिव्ह, म्हणजे अगदी साधा. लोकांना वाटतं हे बरंच झालं. पण दुर्मिळ रक्तासाठी माणसं धावत येतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. साध्या रक्तासाठी दर महिन्याला धावायला कोणालाच हुरूप नसतो. शिवाय एकदा दिलेल्या माणसाला तीन महिने पुन्हा देता येत नाही, आणि घेतलेलं रक्त तपासावं लागतं, म्हणून दाता दोन दिवस आधी हवा. संदेशचं सगळं आयुष्य पुढच्या दात्याच्या शोधात चाललेलं असे.

तोच एके दिवशी शमीमआपांना माझ्याकडे घेऊन आला. आपा निवृत्त शिक्षिका. अर्ध्या किनारपट्टीला त्यांनी पाढे शिकवले आहेत, आणि त्या जोरावर रक्तदात्यांचा एक गट चालवतात. त्या बसल्या, खोलीभर नजर फिरवली, पंख्यावरची धूळ पाहिली, पण तिच्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

“संदेश म्हणतो, तुम्ही माणसं शोधायचं यंत्र करता.”

“शोधायचं नाही. लक्षात ठेवायचं.”

“लक्षात माझ्या सगळे आहेत, भाऊ. सापडत नाहीत.”

त्यांचे दाते म्हणजे त्यांचे जुने विद्यार्थी. कोणी खलाशी, कोणी तांडेल म्हणजे मासेमारीच्या लाँचचा प्रमुख, कोणी व्यापारी जहाजावर, कोणी गल्फमध्ये. आज घरी असलेला माणूस उद्या आठ-दहा दिवसांसाठी समुद्रात. तिथे फोन लागत नाही. त्यामुळे आपांच्या कागदांवर दात्याच्या नावापुढे त्याचा नंबर नसेच. ‘इरफान – बहिणीला विचारा.’ ‘दिनेश – आईचा फोन.’ आणि बंदरवाडीच्या अर्ध्याअधिक पुरुषांपुढे एकच नंबर, सुरेखावहिनींचा. वाडीच्या तोंडावर त्यांचं किराणा दुकान आहे. कोणती लाँच कधी गेली, कधी येणार, कोण येताना चिडलेला असणार, हे सगळं त्या गल्ल्यावर बसून सांगत.

जगातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एक गृहीत असतं: एक माणूस, एक नंबर. आपांच्या कागदांनी ते निकालात काढलं. मग मला पोस्टकार्डं आठवली. माझे एक काका मुंबईला गिरणीत होते. त्यांच्या पत्त्यावर ‘मार्फत’ लिहून चाळीच्या दुकानदाराचं नाव असे. मी ‘शेजार’मध्ये ‘मार्फत’ असा रकाना घातला. माणूस एक, त्याच्यापर्यंत पोहोचायची वाट दुसऱ्या माणसातून. सोबत आणखी एक रकाना: किनाऱ्यावर, समुद्रात की परदेशी. रक्त लागलं की संगणक त्या घरच्या फोनवर निरोप धाडी: ‘तुमच्या मार्फत – दिनेश आज किनाऱ्यावर आहेत का? तन्वीसाठी रक्त हवं आहे.’ उत्तर हो किंवा नाही. जो समुद्रात असेल त्याला यंत्र विचारतच नसे.

हे नीट चालतं का पाहायला मी स्वतःची नोंद घातली. नाव अरविंद, गट बी पॉझिटिव्ह, मार्फत सौ. मीना, सध्या समुद्रात. यंत्राने मला बरोबर वगळलं. मी खूश झालो आणि पुढच्या कामाला लागलो.

काही वर्षं हे विनातक्रार चाललं. महिन्यातून एकदा संदेश कॉम्प्रेसरच्या आवाजावर आवाज चढवून खालून ओरडे, “काका, झालं!” एवढंच. माझ्या धंद्यात आभार मानायची पद्धत नाही. सॉफ्टवेअर चालतं तेव्हा कोणी लिहीत नाही. त्यामुळे त्या दोन शब्दांची मला जरा जास्तच सवय लागली.

मधल्या काळात आमचा सत्कारही झाला. मुंबईच्या एका हॉटेलात, इतक्या थंडगार सभागृहात की आमच्या कारखान्याच्या मालकाला धंद्याची भीती वाटावी. प्रमुख पाहुण्यांनी ‘शेजार’चं नाव दोनदा ‘शेतकार’ असं घेतलं आणि तंत्रज्ञान समाजाच्या शेवटच्या टोकापर्यंत नेल्याबद्दल आपांचं कौतुक केलं. आपा माझ्या कानाशी वाकल्या.

“शेवटचं टोक म्हणजे आमचं गाव का हो? आम्ही तर तिथूनच मोजायला सुरुवात करतो.”

शाल त्यांनी गाडीत बसताच संदेशच्या बायकोसाठी घडी करून ठेवली. माझ्या मानचिन्हाने माझ्या खोलीतला वरचा कप्पा अडवला तो अजून अडवलेला आहे.

सत्कारामुळे एक झालं, ‘शेजार’कडे जगभरातून स्वयंसेवक आले. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे चांगलं लक्षण मानतात. तोवर एकटा चुकत होतो, आता चर्चा करून चुकायची सोय झाली. त्यांत युरोपातला एक अत्यंत सभ्य तरुण होता. त्याने प्रस्ताव मांडला की ‘मार्फत’ काढून टाकावा. प्रत्येक व्यक्ती स्वतंत्र आहे, तिची माहिती तिच्याच हाती असावी, दुसऱ्याच्या फोनवरून तिच्या रक्ताची चौकशी होणं बरं नव्हे. तत्त्व म्हणून यात खोट काढायला जागा नव्हती. मी लाँचेस, खलाशी, सुरेखावहिनींचं दुकान असं लांबलचक उत्तर लिहिलं. त्यावर ‘हा सांस्कृतिक संदर्भ अतिशय रोचक आहे’ असा शेरा आला. सांस्कृतिक संदर्भ म्हणजे ऐकून घेऊन सोडून द्यायची गोष्ट, हे मला तेव्हा कळलं. मतदान झालं, मी हरलो. आणखी भांडता आलं असतं. पण मी फार दमलो होतो. अनोळखी माणसांच्या अडचणींना रोज नम्रपणे उत्तरं देण्याचा शीण झोपेने जात नाही. ही आवृत्ती बाहेर पडली की मी थांबतो, असं मी सगळ्यांना कळवून टाकलं.

आवृत्ती बाहेर पडली ती नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर. लाँचेस गेलेल्या, वाड्यांतून पुरुष नाहीत. आपांच्या पडद्यावर ‘नवीन आवृत्ती उपलब्ध आहे’ असं आलं. वरून आलेलं परिपत्रक नोकरीभर त्यांनी कधी बाजूला ठेवलं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं. नव्या आवृत्तीने ‘मार्फत’ काढला, एकाच नंबरच्या सगळ्या नोंदी एकाच माणसाच्या समजून एकत्र केल्या आणि नंबर ज्याचा, त्याचं नाव वर ठेवून त्यालाच किनाऱ्यावर धरलं. बंदरवाडीचे सगळे खलाशी अशा रीतीने सुरेखावहिनींमध्ये विलीन झाले. इरफान बहिणीत गेला, दिनेश आईत. आणि तन्वीची तारीख जवळ आलेली असल्यामुळे यंत्राने आपलं नेहमीचं काम केलं. किनारपट्टीभर बायकांच्या फोनवर निरोप गेले: ‘सुरेखा, तन्वीसाठी रक्त हवं आहे. उद्या सकाळी रक्तपेढीत या.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आपांचा फोन.

“भाऊ, तुम्ही बायकांना का बोलावलंत?”

“कोणत्या बायकांना?”

“रक्तपेढीत या. तुमच्या यंत्राने बाजार भरवलाय.”

मी स्कूटर काढली. रक्तपेढीच्या बाकांवर जागा नव्हती. दोन टमटम भरून बायका आल्या होत्या. काही मिरकरवाड्याकडचा मासळीचा धंदा तसाच सोडून, काही बुरखा सावरत, एकीच्या कडेवर नातू. संदेश कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. दोन दिवसांनी तन्वीला रक्त चढवायचं होतं आणि एकही दाता आलेला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होतं.

सुरेखावहिनी आतून बाहेर आल्या त्या तावातच.

“आठ म्हणे माझं हिमोग्लोबिन! घ्यायचं नव्हतं तर बोलावलंत कशाला ओ?”

“वहिनी, चूक झाली,” मी म्हणालो. “तो निरोप तुमच्यासाठी नव्हता. तुमच्या इथल्या पुरुषांसाठी होता.”

“पुरुष गेले दर्यावर. माझं नाव लिवलेलं हाय त्यात. सुरेखा. मी वाचलं ना!” त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. “इतक्या वर्षांत पयल्यांदा माझ्या नावानं बोलावलंत, म्हणून दुकान बंद ठेवून आलो आम्ही.”

आतून तंत्रज्ञाचा आवाज आला, “आजी, तुम्हाला नाही देता येणार. वय बसत नाही.”

“वय काय रक्ताचं मोजतोस की माझं?” आजी म्हणाल्या.

आपा बायकांमधून फिरत होत्या, एकेकीला पाणी देत होत्या आणि कोणालाही परत जा म्हणत नव्हत्या. मी त्यांना बाजूला घेतलं. सांगितलं की जुन्या नोंदी कपाटातल्या पेन ड्राइव्हवरून परत आणता येतील, उद्यापर्यंत सगळं पूर्ववत होईल.

“उद्या आणून करायचं काय? ते सगळे समुद्रातच आहेत,” आपा म्हणाल्या. “आता जरा गप्प बसा. आत चाललंय ते होऊ द्या.”

बऱ्याच जणी लोहाच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन बाहेर आल्या. सुरेखावहिनींचं पाकीट सर्वांत जाड. पण काही जणी उत्तीर्णही झाल्या. ‘उत्तीर्ण’ हा शब्द त्यांच्यापैकी एकीचा, इरफानच्या बहिणीचा, रेश्माचा. बाहेर येऊन कापूस दाबलेला हात उंच धरून तिने सगळ्यांना तो दाखवला. तिचा गट बी पॉझिटिव्ह निघाला. आणखी एकीचा तोच. तन्वीपुरतं भागलं. संदेश बाकावर बसला. सुरेखावहिनींनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. “खा. तूच पांढरा पडलायस.”

बाहेर पडताना मी आपांना विचारलं, “तुमच्या गटात इतक्या वर्षांत बायका कशा नव्हत्या?”

“तुमच्या यंत्रात त्यांचा रक्तगट लिहायला जागा होती का? त्या मार्फत होत्या.” मग चार पावलं गेल्यावर म्हणाल्या, “माझ्याही कागदावर नव्हती. म्हणून तुम्हाला बोलत नाही.”

ज्या रकान्यासाठी मी जगाशी भांडलो त्यात माझ्या मते माणुसकी होती. त्या रकान्यातल्या बायकांकडे आम्ही फक्त निरोप द्यायला जात होतो. आणि तो रकाना पुसणाऱ्या सभ्य तरुणाला तरी कुठे ठाऊक होतं की त्याच्या चुकीने रत्नागिरीत काय केलं! मी त्याला कळवलं नाही. त्याने पुन्हा सांस्कृतिक संदर्भ काढला असता.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हरलेल्याला एक हक्क असतो. सगळ्याची नक्कल करून घ्यायची आणि वेगळी चूल मांडायची. आपण उभारलेल्या घराची नक्कल करून त्याच्याच शेजारी राहायला जाणारा माणूस कसा दिसतो, हे मला विचारा. थांबतो म्हणून जाहीर केलं होतं, तरी पावसाळा सरेपर्यंत बसून मी ते काम केलं. ‘मार्फत’ परत आला. फरक एवढाच की आता मार्फत असलेला माणूसही पुरता माणूस. त्याचं नाव, गट, त्याचे नकार, त्याच्या गोळ्या, सगळं. निरोप देताना यंत्र आधी त्यालाच विचारतं: तुम्ही स्वतः देऊ शकाल का? या नकलेला मी नाव ठेवलं नाही. आपा तिला ‘आपलं’ म्हणतात, तेच पडलं.

एका दूरच्या खंडातल्या मच्छीमार गावाच्या संस्थेने ते उचललं. त्यांनी लिहिलं, आमच्याकडेही फोन आयांकडे असतात. मग आणखी दोघांनी. शेवटी त्या सभ्य तरुणानेच ‘व्यापक मागणी’ लक्षात घेऊन तो रकाना मूळ सॉफ्टवेअरमध्ये परत घ्यायचा प्रस्ताव मांडला. प्रस्ताव उत्तम लिहिला होता. मी मत दिलं नाही. माझ्याकडे तेवढीही ताकद उरलेली नव्हती.

सगळं मी खेडच्या कॉलेजात शिकवणाऱ्या दीपाताईंच्या हाती सोपवलं. बरीच वर्षं त्या माझ्या चुका गुपचूप दुरुस्त करून पाठवत होत्या. माझा फोन मी टेबलाच्या खणात ठेवला. संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन बसतो. कोणी काही विचारलं नाही की किती बरं वाटतं, हे त्या बंद खणामुळे कळलं. लोकांना मी कंटाळलेला वाटतो. मी दमलेलो आहे, आणि हे दोन्ही वेगळं असतं.

परवा दुपारी मीना, माझी बायको, हातात तिचा फोन घेऊन पडवीत आली. त्या रक्तपेढीच्या सकाळनंतर तीही आपांच्या गटात आहे. माझ्याहून नेमाने.

“अहो, आपांकडचा मेसेज आहे. मला नाही, माझी मुदत व्हायचीये अजून. तुम्हाला आहे.”

मी चष्मा लावला. ‘तुमच्या मार्फत – अरविंद आज किनाऱ्यावर आहेत का? तन्वीसाठी रक्त हवं आहे.’

ते वाक्य माझंच. कोण जाणे किती घरांत ते गेलं असेल. माझ्या घरी मात्र कधी आलं नव्हतं. ते का, हे आठवायला मला थोडा वेळ लागला. मी तिच्या फोनवरून आपांना फोन लावला.

“आपा, माझी नोंद समुद्रात होती ना?”

“होती. परवा दिसली मला. इतकी वर्षं कोणी समुद्रात राहतं का हो? मीच आणलं काठाला. कसल्या गोळ्या घेता?”

“कसल्याच नाही.”

“मग रात्री आठच्या आत या. आणि खाऊन या. सुरेखा असेल तिथे. तिचं हिमोग्लोबिन आता साडेबारा आहे. सगळ्यांना सांगत सुटलीये.”

मी गेलो. मधल्या काळात मी एकदाही रक्त दिलं नव्हतं. आपण यंत्र दिलं, उरलेलं इतरांनी द्यावं, असा काहीसा हिशेब मनात असावा. सुई टोचून घेताना मी तोंड फिरवलं ते सुरेखावहिनींनी पाहिलं आणि तंत्रज्ञाला सांगितलंही.

दोन दिवसांनी मी मांडवीहून परतलो तर मीना दारातच उभी होती. फोन तिच्या हातात होता.

“संदेशचा फोन येऊन गेला,” ती म्हणाली. “काकांना सांगा म्हणाला, झालं.”